काळबांडे काकाजींची भरती-ओहोटी

आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, फाटकाजवळ एक काळा फळा आहे. त्यावर सगळ्यात वर नळ येण्याची वेळ लिहिलेली असते. त्याखाली मीटरवाला कधी येणार, कुणाची गाडी कुणाच्या दारासमोर आडवी उभी आहे, असा सगळा आमच्या जगण्याचा गाभा असतो. आणि तळाशी पिवळ्या खडूने, ठळक अक्षरात, रोज न चुकता लिहिलेलं असतं : 'आजची भरती सकाळी १०.४०. ओहोटी दुपारी ४.५०.'

हे नागपूर आहे. इथून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र दिसायच्या आत गाडीत दोनदा जेवण होतं. आमच्याकडे पाणी म्हणजे नळ, कूलरची टाकी आणि फार तर फुटाळ्याचा तलाव. पण कोकणच्या किनाऱ्यावर पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं, याची खबर आमच्या दूधवाल्यालासुद्धा असते.

हा मजकूर लिहिणारे गृहस्थ म्हणजे देवमन काळबांडे. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. वय सत्तरीच्या आसपास, अंगकाठी वाळकी, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि गळ्यात दोरीला बांधलेली एक पितळी शिटी. नरखेड तालुक्यातल्या एका गावात त्यांची संत्र्याची बाग होती. ती भावाकडे सोपवून ते शहरात आले आणि शहरालगतच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात लागले. तिथे ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला इशारा द्यायला ही शिटी होती. रिटायर झाले तेव्हा मालकाने शाल आणि नारळ दिला आणि काकाजींनी शिटी मागून घेतली.

मी शाळेत भूगोल शिकवतो. म्हणजे काकाजी लेआउटमध्ये राहायला येईपर्यंत शिकवत होतो. त्यानंतर मी नुसताच पगार घेतो, असं माझं स्वतःबद्दल मत झालं आहे. पहिल्याच ओळखीत त्यांनी मला फळ्यासमोर गाठलं.

"मास्तर, ही भरती रोज पाऊण घंटा उशिरा काहून येते?"

"चंद्रामुळे," मी म्हणालो.

"चंद्रामुळं तर हायच. पण पाऊणच घंटा काहून? अर्धा काहून नाही?"

मला एकाएकी गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. घरी येऊन पुस्तक काढलं, नीट वाचलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन गेलो. काकाजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "हौ, मले मालूम आहे," ते म्हणाले. "तुम्हाले मालूम आहे का, ते पाहून राहिलो होतो."

पण भरती-ओहोटी ही नुसती प्रस्तावना. काकाजींचा खरा ग्रंथ वेगळाच आहे. लेआउटमधलं कुणी गोव्याला, कोकणात किंवा पुरीला निघालं, की त्याचा सुगावा त्यांना तिकीट कन्फर्म होण्याआधी लागतो. मग ते त्या घरी जातात, चहाला नाही म्हणतात आणि पंधरा मिनिटांचा पाठ देतात. निघताना दोरी बांधलेली तेलाची एक रिकामी कॅन यजमानांच्या हातात ठेवतात. झाकण घट्ट, वर मेण लावलेलं. "कोणी बुडून राहिलं तर आपण मागं उडी टाकायची नाही. हे फेकायचं अन् गार्डले बोंबलायचं. एकाचे दोन मुर्दे करू नये." विमानाने जाणाऱ्यांची यात फार पंचाईत होते. आमच्या ढोलेंनी एकदा ती कॅन हँडबॅगेत घालून नेली. विमानतळावर तेलाचा वास आल्यामुळे त्यांना वीस मिनिटं बाजूला उभं केलं होतं. तिथल्या साहेबालाही ढोलेंनी पाठ समजावून सांगितला म्हणतात.

ढोलेंच्याच मुलाचं लग्न होतं, तेव्हाची गोष्ट. लॉनवर रोषणाई, स्टेजपुढे ही रांग. नवराबायको दुसऱ्या दिवशी गोव्याला निघणार, हे काकाजींना अर्थातच माहीत होतं. ते स्टेजवर चढले, आहेराचं पाकीट दिलं आणि नवरदेवाचा हात हातात धरून ठेवला.

"बाप्पा, पाणी पाहिलं का लगेच धावायचं नाही. पहिले पंधरा मिनिटं रेतीत बसून नुसतं पाहायचं. जिथं लाटा फुटून राहिल्या, तिथं पाय टाकायचा. जिथं पाणी मधातच गुमान वाटते, लाटच नाही, तिथं जायचं नाही. समजलं?"

"हो काकाजी," नवरदेव म्हणाला. फोटोग्राफर 'इकडे पाहा' म्हणत होता.

"काय समजलं, सांग बरं."

मागे रांग लॉनच्या फाटकापर्यंत गेली. नवरदेवाने घाम पुसत सगळा पाठ म्हणून दाखवला, तेव्हा कुठे त्याचा हात सुटला. नवरीलाही एक वाक्य मिळालं : "फोटोसाठी समुद्राले पाठ दाखवायची नाही, पोरी." लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. त्यात नवरी हसते आहे आणि नवरदेव परीक्षेला बसल्यासारखा दिसतो.

त्यांचा सिद्धांत समजून घ्यायचा तर रेती लागते. लेआउटमध्ये कुणाचं ना कुणाचं बांधकाम चालू असतंच, त्यामुळे रस्त्यावर रेतीचा ढीग कायम असतो. काकाजी त्यात किनारा तयार करतात, मध्ये बोटाने एक चर पाडतात आणि बादलीने पाणी ओततात.

"हे पाहा मास्तर. लाट पाणी आणते. आणते का नाही? मंग ते पाणी वापस कुठून जाईन? त्याले रस्ता पाहिजे. बागेत आपण पाट काढतो, तसा समुद्र आपला पाट काढते. सारं पाणी त्या पाटातून आत पळते. अन् पाटावर लाट फुटत नाही म्हून वरून ते कसं दिसते? विहिरीसारखं! निवांत. आपले लोक म्हणते, हे बरं आहे, इथंच उतरू."

"मग त्यात सापडलं तर?"

"आडवं जायचं. किनाऱ्याच्या सोबत सोबत. पाट किती रुंद असन? पाच-पन्नास पावलं. बाजूनं निघून जायचं, मंग लाटच आणून सोडते. पण आपण विहिरीवाले. विहिरीत दमलं का माणूस काय करते? पायरीकडं जाते. नाकासमोर. समुद्रात नाकासमोर जाणारा माणूस पाण्याच्या उलट पोहून राहिला असते. तो थकते, पाणी थकत नाही." एवढं बोलून ते नेहमीचं वाक्य जोडतात : "ते पाणी आपल्या गावचं नाही."

एवढ्यात रेतीचे मालक बाहेर येतात आणि समुद्र बंद करावा लागतो.

लोक हसतात. मीही हसत असे. पण मागच्या वर्षी ढोलेंचा तो नवरदेव पुन्हा गोव्याला जाऊन आला आणि सामान घरात टाकायच्या आधी काकाजींच्या दारात उभा राहिला. "काकाजी, पाट दिसला," एवढंच म्हणाला. शेजारची चार पोरं त्याच जागी उतरायला निघाली होती, त्यांना त्याने थांबवलं होतं. काकाजींनी त्याला घरात बोलावून कागदावर सगळं काढायला लावलं, झेंडे कुठे, लाटा कुठे, पाट कुठे. तो कागद त्यांच्या देवघरात आहे.

त्यांना चिडवायचा एकच हमखास प्रश्न होता. "काकाजी, तुम्ही स्वतः समुद्र पाहिला तरी का?" मला वाटायचं, नसणारच पाहिला. एवढा अधिकार असलेला माणूस पाहायच्या भानगडीत कशाला पडेल? पण या प्रश्नावर ते कधी चिडले नाहीत. दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे आणि म्हणायचे, "एक डाव पाहिला." मग घरात जायचे.

याचा अर्थ मला शकूकाकूंनी सांगितला. शकुंतलाकाकू म्हणजे काकाजींच्या पत्नी. थंडीचे दिवस होते, त्या ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी सहज टेकलो तर म्हणाल्या, "सर, तुम्ही भूगोलवाले. समुद्रावर एवढ्या लोकांले पाठवते हे, मले काहून नेत नाही, विचारा बरं."

मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. त्यांचा विलास नावाचा धाकटा भाऊ होता. आई लवकर गेली, म्हणून काकूंनीच त्याला वाढवलेला. लग्नानंतर उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तो यांच्याकडेच यायचा, बागेत राहायचा. पुढे पुण्यात नोकरीला लागला आणि मित्रांबरोबर कोकणात गेला. तिथून परत आला नाही. काकाजी एकटे जाऊन त्याला घेऊन आले. या गोष्टीला तीस वर्षं झाली होती.

"मले ती जागा एक डाव पाहायची आहे, सर. बाकी काही नाही. माह्या हातानं न्हाऊ घातलेलं लेकरू तिथं गेलं, अन् मी ती जागाच नाही पाहिली. हे म्हणते, ते पाणी आपल्या गावचं नाही. तीस वर्षं झाले, एकच उत्तर." त्यांनी एक शेंग उगाचच दोनदा सोलली. "आता गुडघे म्हणून राहिले, यंदा नाही तर मंग कधीच नाही."

मला वाटलं, कोडं सुटलं. मेव्हणा गेला म्हणून माणूस पाण्याला भ्याला, बायकोला जपतो, लोकांना जपतो. भूगोलाच्या मास्तराला एवढंच कळतं. पण त्या दिवसापासून मी त्या फळ्याकडे बघून हसायचं सोडलं, आणि लेआउटच्या ज्येष्ठांची सहल निघाली तेव्हा, कमिटीत असल्याचा फायदा घेऊन, मी विलास बुडाला त्या कोकणातल्या गावाचं नाव घातलं. यादीत काकूंनी स्वतः येऊन दोन नावं लिहिली. आधी स्वतःचं, मग काकाजींचं.

त्यानंतर चार दिवस फळ्यावर भरती-ओहोटी नव्हती. दूधवाल्याने मला विचारलं, काकाजी बिमार आहेत का. ते बिमार नव्हते. ओट्यावर बसलेले दिसायचे. काकूही घरात काही बोलत नाहीत, असं कळलं. पाचव्या दिवशी सकाळी काकाजी माझ्या दारात आले, हातात वहीचे दोन फाडलेले कागद.

"जायचं तर नीट जाऊ," ते म्हणाले. "हे नियम आहे. सही घ्या साऱ्यांची."

सहलीची बस नागपूर सोडेपर्यंत नियम वाचून झाले होते. बस वर्धेच्या पुढे गेल्यावर तोंडी परीक्षा झाली. "समुद्रावर दारू पिऊन जाणाऱ्यानं हात वर करा," असं त्यांनी दरडावून विचारलं, तर ढोलेंनी आणि दुसऱ्या एका काकांनी प्रामाणिकपणे हात वर केले. त्यांना ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. प्रत्येक थांब्यावर शिटी वाजवून माणसं मोजली जायची. सगळे कावले होते, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घाट उतरायला लागलो तशी काकाजींची शिटी बंद झाली. काकू खिडकीशी बसल्या होत्या आणि हे त्यांच्या शेजारी, स्वतःच्या चपलांकडे बघत.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ऊन कोवळं होतं, पाणी उतरलेलं होतं. आमच्या मंडळींनी समुद्र पाहिला आणि सत्तरीतली माणसं एकदम दहा वर्षांची झाली. पण एकही जण धावला नाही. सगळे रेतीत ओळीने बसले. पंधरा मिनिटं पाहायची शिस्त अंगात इतकी मुरली होती. तिथल्या जीवरक्षकाने इतकी शहाणी सहल पाहिली नसावी. तो आपल्या उंच खुर्चीवरून उतरून विचारायला आला, "तुम्ही कुठले?"

काकाजी त्याच्याशी बराच वेळ बोलले. त्याने पोहायची सुरक्षित हद्द दाखवणारे लाल-पिवळे झेंडे दाखवले, यांनी डावीकडे बोट करून विचारलं, "तो पाट होय ना?" जीवरक्षकाने मान डोलावली. मीही बघितलं. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मध्ये एक काळपट, गुळगुळीत पट्टा होता. मला कुणी विचारलं असतं, तर उतरायला मी नेमकी तीच जागा निवडली असती.

मंडळी झेंड्यांच्या मधल्या पाण्यात गेली. काकू रेतीतच बसून राहिल्या. काकाजी येऊन त्यांच्या बाजूला बसले आणि मी उठू लागलो, तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बसा, मास्तर."

काकूंनी विचारलं, "कुठं?"

काकाजींनी त्या काळपट पट्ट्याकडे हात केला. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. आवाजावरूनच कळलं, की तीस वर्षांत तो पुष्कळदा विचारून झालेला आहे.

"त्याले तर एवढं चांगलं पोहणं येत होतं. मंग काहून नाही आला गा तो बाहेर?"

"माह्यामुळं नाही आला," काकाजी म्हणाले.

मी रेतीकडे बघायला लागलो.

"त्याले पोहणं मी शिकवलं. आपल्या विहिरीत. पाठीले डबा बांधून. पहिल्याच दिवशी सांगतलं, दम लागला का इकडंतिकडं पाहायचं नाही, सरळ पायरी धरायची. नाकासमोर. दहा डाव घोकून घेतलं त्याच्याकडून. त्यानं तेच केलं, शकू. मी न्यायले आलो तवा इथला एक कोळी भेटला, त्यानं सारं पाहिलं होतं. म्हणे, पोरगा मोठा दमाचा होता. खूप वेळ पोहला. पण सरळ किनाऱ्याकडंच येत राहिला, जरासा बाजूले वळला असता तर वाचला असता." त्यांनी दुपट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "तू विचारे, अन् मी काय सांगू? इथं आणलं असतं तर तुले समजलं असतं. मले भेव पाण्याचं नव्हतं."

समोर ढोले पाण्यात उभे राहून मोठमोठ्याने गात होते. मला वाटलं, काकू उठतील आणि बसमध्ये जाऊन बसतील. मी त्यांच्या जागी असतो तर गेलो असतो, आणि बोललो असतो ते वेगळंच.

"तवा आपल्याकडं कोणाले मालूम होतं हे, पाटाचं?" शेवटी त्या म्हणाल्या.

"कोणाले नाही."

"तुम्हाले?"

काकाजींनी नुसती नकारार्थी मान हलवली.

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा न लावता माझ्या हातात दिला. "सर, हा धरा जरा." मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, उठल्या. पदर खोचला. "चला," त्या काकाजींना म्हणाल्या. "मले शिकवा."

"शकू, मी आता कोणाले पोहणं शिकवत नाही. विलासनंतर कोणाच्याच पाठीले हात नाही लावला मी."

"मालूम आहे मले. मले शिकवा."

काकाजी माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही सांगणार होतो. मग ते उठले. दोघं जीवरक्षकाजवळ गेली, त्याने झेंड्यांच्या मधली एक उथळ जागा दाखवली आणि स्वतः चार पावलांवर पाण्यात येऊन उभा राहिला. मांडीइतक्या पाण्यात काकाजींनी काकूंना पाठीवर निजवलं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. काकूंचा पदर सुटून पाण्यावर पसरला. लाट आली की दोघं थोडी वर जायची आणि पुन्हा खाली यायची. मला रडू येत होतं, आणि माझ्याजवळ दोन चष्मे असूनही धड काही दिसत नव्हतं.

"आंग सैल सोड. वर पाह्य," काकाजींचा आवाज आला. "भेव वाटून राहिलं का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"सोडू मंग हात?"

"सोडा."

काकाजींना हात काढायला फार वेळ लागला.